एक जूनला जन्मलेली माणसं आणि शाळेचं जनरल रजिस्टर

आमच्या घरात वडिलांचे वाढदिवस दोन. एक १ जूनचा, तो कागदावरचा. दुसरा आजीने सांगितलेला: "दिवाळी होऊन आठवडा झाला नव्हता, खळ्यात भात पडलेलं होतं." म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. वडील जिल्हा परिषदेत लिपिक होते. राज्य सरकारी नियमाप्रमाणे ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ते ३१ मे रोजी निवृत्त झाले. त्या दिवशी त्यांच्या कार्यालयात त्यांच्यासोबत आणखी काही जणांचा निरोप समारंभ होता. सगळ्यांची जन्मतारीख १ जून! आजीचं खरं धरलं, तर वडिलांचा पाच महिन्यांचा पगार एका मास्तरांच्या टाकाने कमी केला.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि मग शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले. लोक विचारतात, हे कसं काय? खरं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. ३१ मे रोजी इतकी माणसं एकदम निवृत्त का होतात, या प्रश्नाच्या मागे लागले आणि थेट शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत पोचले.

तुमच्यापैकी अनेकजण सध्या पेट, नेट, सेटच्या तयारीत आहेत. प्रवेश मिळाला की विद्यापीठ तुमच्याकडे टी.सी., मायग्रेशन, जातपडताळणी अशी सगळी कागदं मागणार, आणि त्यातली बरीचशी शेवटी त्या एका रजिस्टरवर उभी असतात. म्हणून आज त्याबद्दल लिहिते. विषय शाळेच्या नियमांचा आहे, पण शिकायचं आहे ते हे: जुना दस्तऐवज हातात आला की त्याला पहिला प्रश्न कोणता विचारायचा?

रजिस्टरमध्ये असतं काय?

मोठं, जाड, कापडी पुठ्ठ्याचं बाड. माध्यमिक शाळेत त्याला जनरल रजिस्टर म्हणतात, प्राथमिक शाळेत दाखलखारीज. एक मूल म्हणजे एक ओळ. रजिस्टर नंबर, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, शेरा. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपली एल.सी., ही याच ओळीची नक्कल असते.

यातले दोन रकाने वाचताना पहिल्यांदा हसू येतं. वर्तणुकीच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येकाची वर्तणूक 'चांगली', आणि प्रगती 'बरी' किंवा 'समाधानकारक'. पानंच्या पानं. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ज्या चलाला विचरणच नाही, त्यातून माहिती मिळत नाही. मुलाबद्दल तर काहीच नाही. पण मास्तरांबद्दल मिळते: वाईट शेरा लिहिला तर पोराला पुढच्या शाळेत अडचण येईल हे त्यांना माहीत होतं, आणि ते सहसा तसं लिहीत नव्हते.

आता हा विचार जरा पुढे नेऊ. वर्तणुकीचा रकाना मुलाबद्दल न सांगता नियमाबद्दल सांगतो, तर बाकीचे रकाने काय सांगत असतील?

पट आणि पैसा

रजिस्टर मुळात कोणासाठी होतं? मुलांसाठी नाही, पालकांसाठी तर नाहीच. ते होतं तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आली. अनुदान म्हटलं की हिशेब आला. किती मुलं पटावर, किती हजर, किती पास. पुढे १८६० च्या दशकात इलाख्यात निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली: तपासनीस येणार, मुलांची परीक्षा घेणार, त्यावर शाळेचे पैसे ठरणार. गावच्या तोंडी 'दिपोटी' झालेला डेप्युटी इन्स्पेक्टर येणार म्हटलं की शाळा का थरथरायची, ते यातून कळतं.

अशा व्यवस्थेत शाळेला पटावर मुलं हवी असतात. मग नाव घालायची घाई आणि नाव कमी करायचा कंटाळा हे आलंच. ही जुनीच गोष्ट आहे असं समजू नका. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्र सरकारने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, ती याच शंकेपोटी. बऱ्याच शाळांत पटावरची मुलं वर्गात नव्हतीच. म्हणजे एखाद्या जुन्या रजिस्टरवरून "अमुक गावात अमुक साली इतकी मुलं शिकत होती" असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी आपण थांबायला हवं. रजिस्टर सांगतं ती पटसंख्या. शिकणाऱ्यांची संख्या वेगळी असू शकते.

शाळा सोडल्याचा दाखलाही याच काळातल्या गरजेतून रुजला. एका शाळेत फी थकवून शेजारच्या शाळेत जायचं, किंवा इथे नापास झालं की तिथे वरच्या वर्गात बसायचं, हे होऊ नये म्हणून मान्यताप्राप्त शाळांनी आधीच्या शाळेच्या दाखल्याशिवाय मूल घ्यायचं नाही, असा हा नियम. म्हणजे तो शाळा-शाळांमधला करार होता. 'तुम्ही कोण आहात' हे सिद्ध करायला तो तयार केलेला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दारातच ठरायचं

रजिस्टरमधली पहिली कृती म्हणजे प्रवेश. आणि कोणाचं नाव लिहायचं, हाच एकोणिसाव्या शतकातला मोठा लढा होता.

जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. त्याला नकार मिळाला. त्याने सरकारकडे अर्ज केला, तर मुंबई सरकारचं म्हणणं पडलं की एका मुलाला घेतलं तर बाकीचे सगळे शाळा सोडतील. प्रकरण वरपर्यंत, लंडनमध्ये कंपनीच्या संचालकांपर्यंत गेलं आणि सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात असं तत्त्व ठरलं. पुढे १८८२ च्या हंटर आयोगानेही ते उचलून धरलं. याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन दिलं होतं, आणि सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, कष्टकऱ्यांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होतं, असा त्यांचा रोख होता.

तत्त्व ठरलं, पण तत्त्व आणि दाखलखारीज यांच्यात मास्तर, गाव आणि व्हरांडा होता. नाव पटावर आणि मूल वर्गाबाहेर, हे अनेक दशकं चाललं. रजिस्टरमध्ये बसण्याच्या जागेचा रकाना नसतो.

सातारच्या शाळेतली एक ओळ तुम्हाला माहीत असेल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात पहिली इंग्रजीत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर आजच्या प्रतापसिंह हायस्कूलने जपून ठेवलं आहे आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एका रजिस्टरमधल्या एका ओळीवरून राज्याने दिवस ठरवावा, असं उदाहरण दुसरं मला तरी आठवत नाही.

पण संशोधक म्हणून ही ओळ वाचायची कशी? कुटुंबाचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. गावावरून आडनाव घ्यायची आपल्याकडे रीतच आहे. 'आंबेडकर' हे रूप कसं आलं याबद्दल वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या जातात. रजिस्टर एवढंच पक्कं सांगतं की त्या दिवशी त्या शाळेत हे नाव असं लिहिलं गेलं. का लिहिलं, कोणी सुचवलं, हे रजिस्टर सांगत नाही. त्यासाठी दुसरी साधनं लागतात. 'काय लिहिलं' आणि 'का लिहिलं' यांची गल्लत आपण नवशिके संशोधक फार करतो. मीही केली आहे.

एक जून कुठून आला?

आता वडिलांच्या वाढदिवसाकडे येऊ.

शाळेला मुलाचं वय का हवं होतं? इंग्रजी शिक्षणाच्या सुरुवातीला वयाला फारसं महत्त्व नव्हतं. वय कळीचं झालं ते सक्तीच्या शिक्षणाबरोबर. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा आदेश काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पुढे १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला.

सक्ती म्हटली की यादी लागते. कोण शाळेच्या वयाचं आहे आणि कोण नाही? दंड कोणाला लावायचा? इथे प्रथमच शाळेच्या नियमाने पालकाला विचारलं, "तुमचा मुलगा नक्की केव्हा जन्मला?" आणि पालकाचं उत्तर आलं, "दुष्काळाच्या पुढल्या वर्षी, शिमग्याला."

हे उत्तर अचूक आहे, फक्त ते वेगळ्या कॅलेंडरमध्ये आहे. त्याचं इंग्रजी तारखेत रूपांतर करायचं काम मास्तरांवर पडलं. मास्तरांसमोर दुसरी अडचण होती: शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होणार आणि तोवर मुलाचं ठरलेलं वय पूर्ण झालेलं हवं. मग सोपा मार्ग म्हणजे वर्ष अंदाजाने आणि तारीख १ जून. मूल वयात बसलं, रकाना भरला, साहेब खूश, पालकही खूश.

गंमत म्हणजे गावात जन्माची नोंद अनेकदा होती. गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्म-मृत्यू लिहिले जात. १८८६ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा एक कायदाही होता, पण तो ऐच्छिक स्वरूपाचा. देशभर सक्तीची नोंदणी आणणारा कायदा १९६९ चा, आणि बहुतेक राज्यांत तो १९७० मध्ये लागू झाला. पण शाळेतल्या मास्तरांना कोतवाल बुक पाहून यायची सक्ती नव्हती. दोन सरकारी वह्या, एकच मूल, दोन तारखा.

माझ्यातल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला इथे बरं वाटलं, कारण हे मोजता येतं. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले असते, तर ७३० नोंदींमध्ये १ जून ही तारीख साधारण दोनदा दिसावी. जन्मांना थोडा हंगामी चढउतार असतो हे धरलं तरी दोनाच्या चार होतील. मी एका खेड्यातल्या शाळेत परवानगी घेऊन जुनं रजिस्टर उघडलं तेव्हा एकाच पानावर १ जून इतक्या वेळा होता की मोजायची गरजच उरली नाही. लोकसंख्याशास्त्रात याला वयाचा ढीग म्हणता येईल. जनगणनेत लोक वय २५, ३०, ३५, ४० असं ठोकळ सांगतात, त्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात: २३ ते ६२ वयोगटात ० आणि ५ ने संपणारी वयं अपेक्षेपेक्षा किती जास्त आहेत ते बघायचं. ढीग नसेल तर १००, सगळेच ठोकळ वय सांगत असतील तर ५००. शाळेच्या रजिस्टरलाही असं काही लावता येतं. वर्षागणिक १ जूनचं प्रमाण काढलं की एखाद्या शाळेत जन्मदाखला मागायला केव्हा सुरुवात झाली ते आलेखात उतरताना दिसतं.

म्हणजे 'चुकीची' तारीखही उपयोगी आहे. तिला मुलाचं वय विचारलं तर ती फसवते, शाळेची प्रवेशपद्धत विचारली तर नेमकं सांगते.

शाळेचा कागद ओळखीचा कागद झाला

स्वातंत्र्यानंतर त्या ओळीचं वजन एकदम वाढलं. अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. पुढे महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यांची पडताळणी करण्याचा कायदा झाला. पडताळणीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्याच्याकडे शेतीचा कागद नाही, त्याच्याकडे जुना कागद कोणता असणार? आजोबांच्या शाळेची ती एक ओळ. समितीचं समाधान झालं नाही तर दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर पाहतं: शाई एकच आहे का, खाडाखोड आहे का, रकान्यात मागाहून शब्द घुसवला आहे का.

माझी पडताळणी बारावीच्या वर्षी अडकली होती. आजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली आणि त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या नावापुढे पोटजात. घर एक, शाळा एक, मास्तर दोन. एकाने विचारलं असेल "कोण तुम्ही?", दुसऱ्याने विचारलं असेल "त्यातले कोण?" दोघांनीही खोटं लिहिलं नव्हतं. पण सत्तरेक वर्षांनी त्या दोन शब्दांमधलं अंतर आम्हाला खेटे घालून भरून काढावं लागलं. प्रवेशाची मुदत संपत आलेली, आई रोज रात्री फाईल उघडून कागद मोजायची. तेव्हा मला हा इतिहास वाटला नव्हता, वैताग वाटला होता.

अलीकडे २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्याचं जे काम न्या. संदीप शिंदे समितीच्या देखरेखीखाली चाललं, त्यातही जुनी शालेय रजिस्टरं तपासली गेली. काही नोंदी मोडीत असल्याने मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. (तुम्ही इतिहासात संशोधन करणार असाल तर मोडी शिकून ठेवा, ही फुकटची सूचना.)

आता मागचं आठवा. फी बुडवून मुलं पळू नयेत म्हणून रुजलेला दाखला आज कोणाला आरक्षण मिळेल, कोण कधी निवृत्त होईल हे ठरवतो. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे नाव, जात, जन्मतारीख यांतली दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत करून घ्यायची असते. शाळा सोडल्यावर, उघड लेखनदोष वगळता, ती सहसा होत नाही. नोकरीत लागल्यावर सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायची तर पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वडिलांना हे कळलं तेव्हा नोकरीची वीस वर्षं झाली होती.

न्यायालय काय म्हणतं?

संशोधकांनी न्यायालयाचे निकाल वाचावेत असं मला वाटतं, कारण पुराव्याबद्दल इतका बारकाईने विचार दुसरं कोणी करत नाही.

१९८८ मध्ये बिरदमल सिंघवी विरुद्ध आनंद पुरोहित या प्रकरणात राजस्थानातल्या एका निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. प्रश्न उमेदवारांचं वय २५ पूर्ण होतं का, हा होता. न्यायालय म्हणालं, शाळेच्या रजिस्टरमधली तारीख ग्राह्य पुरावा आहे, पण ती कोणाच्या माहितीवरून लिहिली हे सिद्ध होत नसेल तर तिला वजन नाही. माहिती देणाऱ्याला त्या तारखेचं प्रत्यक्ष ज्ञान होतं का, हे बघायला हवं.

दुसरीकडे, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवताना शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र पहिल्या क्रमांकावर आहे. आणि २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधारवरच्या तारखेपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरावी असं मान्य केलं.

यात विसंगती दिसते, पण नीट बघितलं तर फारशी नाही. प्रत्येक ठिकाणी न्यायालय विचारतं आहे: हा कागद कोणी, कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून केला, आणि आज तो कशासाठी वापरला जातो आहे? हाच प्रश्न आपल्यालाही विचारायचा आहे.

नियम उलटा फिरला तेव्हा

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मी त्यातली कलमं वाचली तेव्हा जाणवलं की हा कायदा रजिस्टरच्या दीडशे वर्षांच्या सवयींना एकेक करून उत्तर देतो. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मूल बाहेर ठेवायचं नाही, आणि मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा. पालकांची किंवा मुलाची चाचणी घेऊन निवड करायची नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत.

पूर्वी कागद आधी आणि मूल नंतर होतं. आता मूल आधी. पण हा कायदा ६ ते १४ वयापुरता. नववी-दहावी, म्हणजे खरं हायस्कूल, त्याच्या बाहेर राहतं, आणि फी थकली की दाखला अडवण्याची तक्रार जास्त तिथेच ऐकू येते. कोविडच्या काळात हे इतकं झालं की २०२१ मध्ये राज्य सरकारला दाखल्याअभावी नववी-दहावीचा प्रवेश रोखू नका, असं सांगावं लागलं.

रकानेही बदलत आहेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम राज्याने ठरवला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा असेल. हळूहळू १ जूनचा ढीग ओसरेल. माझ्यासारख्या एखाद्या विद्यार्थिनीला शंभर वर्षांनी तो आलेखावर एखाद्या टेकडीसारखा दिसेल.

तुम्ही रजिस्टर उघडाल तेव्हा

माझ्या चुकांमधून शिकलेलं थोडक्यात सांगते.

पहिलं, नोंदीच्या आधी नियम वाचा. त्या साली शाळेला कोणती संहिता लागू होती, अनुदान कशावर मिळत होतं, हे कळल्याशिवाय आकडे मांडू नका. मी उलट केलं आणि सहा महिने वाया घालवले.

दुसरं, ज्या रकान्यात सगळे सारखे, त्याकडे दुर्लक्ष करू नका. ते रकाने लिहिणाऱ्याचा हात दाखवतात.

तिसरं, 'कारण' या रकान्यातले शब्द शाळेचे असतात, घरचे नसतात. माझ्या आजोबांच्या नावापुढे चौथीत 'सतत गैरहजर, नाव कमी केले' असा शेरा आहे. तारीख जुलैची. आमच्याकडे जुलै म्हणजे भाताची लावणी. शाळेच्या लेखी तो मुलगा गैरहजर होता. तो शेतात चिखलात उभा होता.

चौथं, शक्य तिथे दुसरी वही शोधा: कोतवाल बुक, दुसऱ्या शाळेचं रजिस्टर, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण. दोन साधनांत तफावत निघाली तर घाबरू नका, तिथेच प्रकरणाचा विषय असतो.

पाचवं, यातली नावं जिवंत माणसांची किंवा त्यांच्या आईबापांची आहेत. जात, नापास, गैरहजर हे शेरे नावासकट छापायचे नाहीत. परवानगी लेखी घ्या, शोधनिबंधात नावांऐवजी क्रमांक वापरा.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात उशिरा सुचलं. मी त्या शाळेतलं आजोबांच्या काळचं रजिस्टर पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. आजोबा सापडले, त्यांचे भाऊ सापडले, शेजारचे सापडले. आजी नाही सापडली. ती त्याच गावची, त्याच आळीतली, आजोबांहून चार-पाच वर्षांनी लहान. तिचं नाव कोणत्याच ओळीत नाही, कारण तिला कोणी शाळेत घातलंच नव्हतं. तिची जन्मतारीख मास्तरांनी चुकवली नाही, कारण तिला कोणी विचारलीच नाही.

आणि तरी वडिलांची खरी जन्मवेळ आमच्या घरात एकट्या तिलाच माहीत होती. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात साधनांची यादी आहे. त्यात रजिस्टरच्या खाली 'मौखिक साक्ष' असा एक उल्लेख आहे. ती साक्ष आजीची आहे. मार्गदर्शकांनी विचारलं, याला पुरावा काय? मी म्हटलं, खळ्यात भात पडलेलं होतं, सर. त्यांनी ते ठेवू दिलं.